वर्षाला ४५ हजार किलोमीटर, आणि गाड्या किती? एका चालकाचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण पुण्यात राहणाऱ्या, वयाची पंचेचाळिशी ओलांडलेल्या एका तांत्रिक सल्लागाराचे आहे. ओळख पटू नये म्हणून नाव, गाड्यांच्या कंपन्या आणि काही तपशील वगळले आहेत. हिशोबाचे आकडे त्यांच्याच वहीतले असून सोयीसाठी पूर्णांकात घेतले आहेत. साखर कारखान्यांतील बॉयलर आणि टर्बाइनच्या देखभालीबाबत सल्ला देणे हा त्यांचा व्यवसाय आहे. नोव्हेंबरमध्ये गाळप सुरू झाले की पुढचे चार-पाच महिने कोल्हापूर, सांगली, सोलापूर, सातारा आणि अहिल्यानगर या जिल्ह्यांत त्यांची सतत ये-जा असते, आणि कारखाने बहुधा हमरस्त्यापासून दहा-वीस किलोमीटर आत असल्यामुळे रेल्वे किंवा एसटी त्यांच्या फारशी कामाला येत नाही.

व्यवसायाची गरज हा मात्र त्यांच्या ड्रायव्हिंगचा एकच भाग आहे. गाडी चालवणे ही त्यांची मनापासूनची आवड आहे. ताम्हिणी, कुंभार्ली, अणुस्कुरा आणि आंबोली हे घाट ते केवळ चालवण्यासाठी चालवतात. चिपळूणजवळच्या सासुरवाडीला जाताना जवळचा रस्ता सोडून लांबचा धरतात. मुलगी नागपूरला शिकत असल्यामुळे वर्षातून काही वेळा छत्रपती संभाजीनगरमार्गे समृद्धी महामार्गाने जाणे-येणे होते. दर वेळी टाकी फुल्ल करून लिटर, रक्कम आणि किलोमीटर वहीत लिहिण्याची त्यांना जुनी सवय आहे. ती वही नसती, तर हे प्रकरण मतमतांतरांतच संपले असते.

२०२३ अखेर घरात तीन गाड्या होत्या. पहिली २०१७ची दीड लिटर डिझेल सेडान, मॅन्युअल, २ लाख १० हजार किलोमीटर झालेली. ही कामाची गाडी. दुसरी २०१८ची टर्बो पेट्रोल हॅचबॅक, हीसुद्धा मॅन्युअल, जेमतेम ४१ हजार किलोमीटर चाललेली. ही हौसेची गाडी, आणि रविवारी पहाटे घाटात नेण्यासाठी घेतलेली. तिसरी २०१४ची लहान पेट्रोल ऑटोमॅटिक, ती पत्नीची. पत्नी महाविद्यालयात प्राध्यापक असून त्यांचे ड्रायव्हिंग जवळजवळ सगळे शहरातले आहे.

या तिन्हींच्या जोडीला एक फोर-बाय-फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी गाडी घ्यावी, म्हणजे डोंगरातल्या कच्च्या रस्त्यांची सोय होईल आणि सेडानवरचा भारही हलका होईल, असा त्यांचा विचार चालू होता. चौथी गाडी कोणती घ्यावी, याबद्दल त्यांनी माझ्याशी बोलणे काढले होते. गाड्या एकूण किती असाव्यात हा प्रश्न तेव्हा कोणाच्या मनातही नव्हता.

अडचण

जानेवारी २०२४मध्ये, हंगाम भरात असताना, सेडान खंबाटकी घाटात अडली. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना तेव्हा हा घाट चढावा लागत असे. चढावर चौथ्या गिअरमध्ये पाय दाबला की आरपीएमचा काटा वर जात होता आणि वेग मात्र तेवढाच राहत होता. क्लच घसरत होता. कशीबशी गाडी साताऱ्यापर्यंत नेऊन त्यांनी एका गॅरेजमध्ये ठेवली. क्लच प्लेटबरोबर फ्लायव्हीलही बदलावे लागेल, आणि भाग पुण्याहून मागवावा लागेल, असे तिथे कळले. कारखान्यात मिल थांबलेली होती आणि त्यांची वाट पाहिली जात होती. त्यांनी साताऱ्यातून भाड्याची गाडी केली.

दुसऱ्या दिवशी पुण्यात परतल्यावर हॅचबॅक काढायला गेले, तर बॅटरी उतरलेली. सोसायटीत दोनच झाकलेल्या जागा असल्यामुळे ही गाडी महिना हजार रुपये भरून उघड्यावर उभी असे. शेजाऱ्याच्या गाडीवरून जंप देऊन ती सुरू झाली, पण बॉनेट उघडल्यावर उंदरांनी एका वायरचे आवरण कुरतडलेले दिसले. मग त्यांनी टायर पाहिले. टायरच्या बाजूवर छापलेल्या चार आकड्यांतले पहिले दोन आठवडा सांगतात आणि पुढचे दोन वर्ष. तिथे ३२१८ होते, म्हणजे २०१८च्या ऑगस्टमधले टायर. नक्षी भरपूर शिल्लक होती. मात्र खोबणींच्या तळाशी आणि बाजूच्या भिंतीवर केसाएवढ्या बारीक भेगांची जाळी पसरली होती. अशा टायरवर रात्री तीनशे किलोमीटर जाणे त्यांना पटले नाही, आणि ते योग्यच होते. शिवाय पीयूसीची मुदत संपलेली निघाली.

तिसरी गाडी चालू होती. पण पत्नीची महाविद्यालयात परीक्षेची कामे सुरू होती आणि ती गाडी नेली असती तर त्यांची अडचण झाली असती.

परिणाम असा, की दारात तीन गाड्या असलेला आणि गाडी चालवण्याची आवड असलेला हा माणूस आठवडाभराहून अधिक काळ भाड्याच्या गाडीत मागच्या सीटवर बसून कारखान्यांना गेला. त्यासाठी सुमारे ५० हजार रुपये आणि सेडानच्या दुरुस्तीला ५५ हजार रुपये लागले. चौथ्या गाडीचा विषय त्यांनीच बाजूला ठेवला आणि आहेत त्या गाड्यांचा हिशोब मांडायला बसू, असे सुचवले.

हिशोब

वहीतल्या नोंदींवरून २०२३ या वर्षाचे चित्र असे निघाले. तिन्ही गाड्या मिळून साडेसेहेचाळीस हजार किलोमीटर झाले होते. त्यांतले ३७ हजार एकट्या सेडानचे, साडेचार हजार हॅचबॅकचे आणि ५ हजार पत्नीच्या गाडीचे.

हा पहिला आकडाच त्यांना बोलता करणारा ठरला. जास्त चालवणाऱ्या माणसाची समजूत अशी असते की गाड्या वाढवल्या म्हणजे किलोमीटर वाटले जातील आणि प्रत्येक गाडी जास्त वर्षे टिकेल. प्रत्यक्षात किलोमीटर वाटले जात नाहीत. सकाळी सहाला कोल्हापूरला निघायचे असते तेव्हा हात त्याच किल्लीकडे जातो, जिची टाकी भरलेली आहे, फास्टॅगमध्ये पैसे आहेत, डिकीत बूट, हेल्मेट आणि मोजमापाची उपकरणे ठेवलेली आहेत, आणि जी डिझेलवर चालते. उरलेल्या गाड्या उभ्या राहतात, आणि उभी राहिलेली गाडी जपली जाते हेही खरे नाही: रबर वयाने कडक होते, बॅटरी उतरते, ब्रेकच्या डिस्कवर पावसाळ्यात गंज चढतो, आणि इंजिन ऑइल किलोमीटर न होताही वर्षभराने बदलावेच लागते.

पैशांत हेच असे दिसले. सेडानचा विमा, सर्व्हिसिंग, टायर, दुरुस्ती आणि घसारा (वय आणि वापराने घटणारी गाडीची किंमत) मिळून वर्षाला सुमारे १ लाख ७२ हजार. लिटरला २० किलोमीटर अ‍ॅव्हरेज आणि ९० रुपयांच्या आसपास डिझेल धरता इंधनाचे १ लाख ६६ हजार. म्हणजे किलोमीटरला साधारण ९ रुपये. हॅचबॅकचा विमा, किमान सर्व्हिसिंग, वयाने बाद होणारे टायर आणि बॅटरी, पार्किंग आणि घसारा यांचे ९८ हजार, अधिक पेट्रोलचे ३६ हजार; भागिले साडेचार हजार, म्हणजे किलोमीटरला ३० रुपये. पत्नीची गाडी साडेसतरा रुपये. तिन्ही मिळून वर्षाचा खर्च ५ लाख ६० हजार, सरासरी किलोमीटरला १२ रुपये.

हौसेला किलोमीटरमागे ३० रुपये पडले म्हणून ती हौस चूक ठरत नाही. ज्याला ज्याची आवड त्याने त्यावर खर्च करावा, या मताचा मी आहे. पण वहीतून आणखी एक गोष्ट पुढे आली आणि ती पैशांपेक्षा महत्त्वाची होती. ज्याला गाडी चालवण्यात आनंद आहे, त्या माणसाने आपल्या स्वतःच्या ड्रायव्हिंगमधले दहात नऊ किलोमीटर अशा गाडीत काढले होते, जी त्याने फक्त अ‍ॅव्हरेज पाहून घेतली होती. तिचे स्टिअरिंग निर्जीव आहे, पाच तासांनंतर सीट कंबरेला टोचते, रात्री हेडलाइट अपुरे पडतात, या तक्रारी ते वर्षानुवर्षे करत होते. आनंदाची गाडी मात्र उघड्यावर धूळ खात उभी होती.

पर्याय

एकच गाडी. घरातल्या तिन्ही विकून एकच चांगली गाडी घेणे हा कागदावर सर्वांत स्वस्त पर्याय. गॅरेजच्या दिवसांत भाड्याने गाडी केली तरी वर्षाला दुसऱ्या गाडीपेक्षा कमीच खर्च येतो, हे मान्य करावे लागते. परंतु हंगामात ते आठवड्यातले तीन-चार दिवस बाहेर असतात आणि त्या काळात पत्नीला गाडी उरत नाही. हा पर्याय पाच मिनिटांत बाद झाला.

आहेत त्या तीन. सेडान दुरुस्त झालीच होती. हॅचबॅकला नवे टायर आणि बॅटरी घालायची आणि दर आठवड्याला ती नेमाने चालवायची. यात नवा खर्च सर्वांत कमी. पण २ लाखांवर गेलेल्या सेडानवरच पुढचा हंगाम काढायचा होता, आणि सहा वर्षांत न जमलेला नेम सातव्या वर्षी जमेल असे मानण्यास काही आधार नव्हता.

चार गाड्या. फोर-बाय-फोर घेतली तर पहिल्या वर्षी घसारा आणि विमा मिळूनच इंधनाशिवाय ३ लाखांच्या वर जात होते. सोसायटी चौथ्या गाडीला जागा देणार नव्हती, म्हणजे ती रस्त्यावर उभी राहणार. आणि वही चाळली तेव्हा असे दिसले की चारही चाकांना जोर हवा असा रस्ता त्यांना वर्षातून फार तर दोनदा लागला होता.

दोन गाड्या. सेडान आणि हॅचबॅक या दोन्हींच्या जागी एकच गाडी घ्यायची, जी लांब पल्ल्याला किफायतशीर असेल आणि चालवायलाही मनासारखी असेल. आणि पत्नीची गाडी अशी ठेवायची की गरज पडल्यास ती दहा-बारा दिवस पहिल्या गाडीचे काम करू शकेल.

निर्णयाचे टप्पे

दोन गाड्यांवर मन स्थिर झाले, तरी प्रत्यक्ष निर्णय एका बैठकीत झाला नाही. तीन ठिकाणी बराच काथ्याकूट झाला.

पहिले ठिकाण म्हणजे हॅचबॅक. या मुद्द्यावर आमचे एकमत झाले नाही. माझे म्हणणे असे होते की तिचा मोठा घसारा होऊन गेला आहे, अशा मॅन्युअल गाड्या बाजारात कमी होत चालल्या आहेत, तेव्हा सेडान विकून हॅचबॅकलाच झाकलेली जागा द्यावी. त्यांचे म्हणणे होते की ती गाडी दारात असेपर्यंत आपण मुख्य गाडी निवडताना पुन्हा फक्त अ‍ॅव्हरेज पाहू, कारण मनात कुठेतरी ‘आनंदाला दुसरी आहे’ हे राहीलच. हा युक्तिवाद मला तेव्हा भावनेचा वाटला होता. वर्षभराने मागे वळून पाहता, सगळ्या प्रकरणातला तोच सर्वांत नेमका विचार होता असे माझे मत आहे.

दुसरे ठिकाण म्हणजे इंधन. वर्षाला ४० हजारांच्या वर किलोमीटर, तेही बहुतांश हमरस्त्यावर, असतील तर डिझेलचा हिशोब तेव्हाही सुटत होता. तेव्हाच्या दराने डिझेल ९० आणि पेट्रोल १०४ रुपये, अ‍ॅव्हरेज अनुक्रमे १८ आणि १४ धरले, तर किलोमीटरला सुमारे २ रुपये ४० पैशांचा फरक पडतो, म्हणजे ४० हजार किलोमीटरला ९६ हजार. महाराष्ट्रात डिझेल गाडीवर नोंदणीचा एकरकमी कर पेट्रोलपेक्षा जास्त टक्के आहे, आणि गाडीची मूळ किंमतही जास्त असते. तरीही हा जादा खर्च दोन-अडीच वर्षांत भरून निघत होता. एप्रिल २०२०पासून लागू झालेल्या बीएस-६ नियमांमुळे डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर आला. तो स्वच्छ राहण्यासाठी अधूनमधून सलग वेगात धाव लागते; शहरात पाच-पाच किलोमीटर चालणाऱ्या गाडीत तो तुंबतो. म्हणूनच हे इंजिन त्यांना योग्य आणि त्यांच्या पत्नीला अयोग्य होते. सीएनजीचा विचार डिकीत उपकरणे ठेवावी लागतात म्हणून सोडला. विजेवरील गाडी पत्नीसाठी अगदी योग्य होती; मात्र आडवळणाच्या कारखान्यांपर्यंत तिने राखीव गाडीचे काम करावे, ही अट ती पूर्ण करत नव्हती.

तिसरे ठिकाण म्हणजे नवी की सेकंडहँड. नव्या गाडीची वॉरंटी वर्षे किंवा किलोमीटर, यांतले जे आधी संपेल तोपर्यंत असते. १ लाख किलोमीटरची मर्यादा इतरांना पाच-सात वर्षे पुरते; त्यांची ती सव्वादोन वर्षांतच संपली असती. शिवाय नवी गाडी घेऊन चार वर्षांत पावणेदोन लाख किलोमीटर केले, की विकताना मागणीच राहत नाही. म्हणून पहिल्या मालकाने सुरुवातीचा घसारा सोसलेली, कमी चाललेली गाडी घ्यावी आणि ती शेवटपर्यंत वापरावी, हे ठरले. यात आणखी एक निकड होती. २०२३पर्यंत मध्यम आकाराच्या डिझेल सेडान नव्या मिळणे जवळजवळ बंद झाले होते, आणि त्यांना उंच एसयूव्हीपेक्षा खाली बसणारी, वळणावर न डुलणारी गाडी हवी होती. अशी गाडी आता फक्त जुन्या बाजारातच होती.

केलेली कार्यवाही

मे २०२४मध्ये, हंगाम संपल्यावर, त्यांनी २०२१ची बीएस-६ डिझेल मॅन्युअल सेडान ९ लाख ७५ हजारांना घेतली. ती एकाच मालकाची आणि ३४ हजार किलोमीटर झालेली होती. पाहणी करताना त्यांनी चार गोष्टींवर भर दिला: सर्व्हिसिंगच्या नोंदींतले किलोमीटर मीटरशी जुळतात का, चारही टायर एकाच काळातले आहेत का, फिल्टर स्वच्छ होण्याइतकी ती हमरस्त्यावर चालली आहे का, आणि सीट. सीटसाठी त्यांनी गाडी पुण्याहून वाईपर्यंत नेऊन परत आणण्याची मुभा मागून घेतली. चालवून पाहण्याची दहा मिनिटांची फेरी त्यांच्यासारख्या माणसाला काहीच सांगत नाही.

जुनी सेडान २ लाख १० हजारांना आणि हॅचबॅक ५ लाख २० हजारांना गेली. खिशातून निव्वळ २ लाख ४५ हजार आणि हस्तांतराचा खर्च एवढेच घालावे लागले. विमा बदलताना जुन्या सेडानवर साठलेला ५० टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, त्यांनी प्रमाणपत्र घेऊन नव्या गाडीवर आणला. हा बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो. विकणाऱ्याचा बोनस घेणाऱ्याला मिळत नाही, आणि घेणाऱ्याने पॉलिसी स्वतःच्या नावावर करण्यासाठी १४ दिवसांत अर्ज करायचा असतो. विमा नियामकाने जुलै २०२२मध्ये परवानगी दिलेला, चालवाल तितकाच हप्ता हा प्रकार त्यांनी पत्नीच्या गाडीसाठी विचारात घेतला. मुख्य गाडीला तो साहजिकच निरुपयोगी होता.

विक्रीत एक त्रास झाला. मालकी हस्तांतराच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या होऊन जुनी सेडान गेली, पण तिचा फास्टॅग बंद करायचा राहिला. तीन आठवड्यांनी किणी नाक्यावर टोल कापल्याचा मेसेज त्यांच्या फोनवर आला. पैसे किरकोळ होते. परंतु त्यानिमित्ताने तपासले असता नोंदणी अजून त्यांच्याच नावावर असल्याचे दिसले, म्हणजे त्या काळात अपघात झाला असता तर कागदोपत्री मालक तेच होते. त्यांनी पाठपुरावा करून नोंदणी बदलून घेतली.

कच्च्या रस्त्यांसाठी त्यांनी काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेली, स्वतः चालवायची भाड्याची फोर-बाय-फोर घेण्याचे ठरवले.

परिणाम

नव्या व्यवस्थेची खरी परीक्षा जानेवारी २०२५मध्ये झाली. गाळपाच्या दिवसांत दक्षिण महाराष्ट्राच्या रस्त्यांवर रात्री उसाने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या चालतात, आणि कित्येकांना मागे दिवा किंवा रिफ्लेक्टर नसतो. सांगलीजवळ अशीच एक ट्रॉली चढावर मागे सरकली आणि त्यांच्या थांबलेल्या गाडीचा बंपर, एक हेडलाइट आणि रेडिएटरचा पुढचा भाग फुटला. गाडी १२ दिवस गॅरेजमध्ये होती.

दुरुस्ती ६८ हजारांची होती. विम्याचा दावा केला तर ५० टक्के बोनस शून्यावर येणार आणि तो पुन्हा चढायला पाच वर्षे लागणार. त्याचे नुकसान मांडले तर सगळे मिळून २५ हजारांच्या आसपास येत होते. झिरो डेप्रिसिएशन (भागांचा घसारा न कापता भरपाई देणारे) संरक्षण असल्यामुळे प्लास्टिकच्या भागांचे पैसेही पूर्ण मिळणार होते, म्हणून त्यांनी दावा केला.

त्या १२ दिवसांत पत्नीची २०१४ची गाडी कोल्हापूरला गेली, आणि पत्नी रिक्षाने महाविद्यालयात. या वेळी ते आधीच बोलून ठरलेले होते, त्यामुळे घरात कुरबूर झाली नाही. मात्र गाडीने काम केले तरी ते जेमतेम केले. तिचे हेडलाइट हमरस्त्याला अपुरे होते, आणि पावसाळ्यानंतर उखडलेल्या आडरस्त्यांवर तिचे सस्पेन्शन तळाला आदळत होते. राखीव गाडी चालू स्थितीत असणे पुरेसे नाही. रात्रीच्या हमरस्त्याला ती योग्यही असावी लागते, हे तेव्हा ध्यानात आले. २२ सप्टेंबर २०२५पासून लहान पेट्रोल गाड्यांवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि उपकरही गेला, तेव्हा पत्नीने स्वतः पाहून, स्वतःच्या नावावर नवी पेट्रोल ऑटोमॅटिक घेतली. यजमानांचे मत त्यांनी टायर आणि हेडलाइट या दोनच बाबींवर विचारले.

पैशांचे काय झाले? मे २०२४ ते एप्रिल २०२५ या वर्षात मुख्य गाडी ४३ हजार आणि पत्नीची जुनी गाडी ६ हजार किलोमीटर चालली. मुख्य गाडीचा खर्च, १ लाख ७० हजारांचा घसारा धरून, ४ लाख ९२ हजार. दुसरीचा ९७ हजार. एकूण ५ लाख ८९ हजार, म्हणजे किलोमीटरला पुन्हा १२ रुपयेच. गाडी एक कमी झाली, खर्च कमी झाला नाही. जो पैसा उभ्या गाडीवर जात होता तो चालत्या गाडीवर जाऊ लागला. ‘एक गाडी काढून टाका, पैसे वाचतील’ असा सल्ला सरसकट देणाऱ्यांनी हा आकडा जरूर पाहावा. जास्त चालवणाऱ्याच्या बाबतीत खर्चाचा मुख्य भाग किलोमीटरच खातात.

बदलला तो दिवसांचा पोत. समृद्धीवर १२०च्या मर्यादेत तासन्‌तास सरळ जाताना, वऱ्हाडातल्या उन्हात काँक्रीट तापलेले असताना, पायाखाली वर्षाच्या आतले टायर आहेत ही खात्री त्यांना पहिल्यांदाच मिळाली. अहिल्यानगरहून परतताना सरळ रस्ता सोडून माळशेजला वळसा घालण्याइतका उत्साह आता कामाच्या दिवशीही उरतो, असे ते सांगतात. पूर्वी घाटासाठी रविवार लागायचा. हॅचबॅकची आठवण त्यांना येते, विशेषतः ताम्हिणीत, आणि ते ती लपवत नाहीत. भाड्याची फोर-बाय-फोर त्यांनी वर्षभरात एकदाच घेतली.

वेगळे काय करता आले असते

जुन्या सेडानवर ५५ हजार रुपये घालून मग ती विकली, यातले फारच थोडे किमतीत परत आले. २ लाख किलोमीटरच्या गाडीला घेणारा आधीच खूप घासाघीस करतो. नवा क्लच आहे म्हणून तो काही ५० हजार वाढवून देत नाही. हंगामात गाडी हवीच होती, म्हणून दुरुस्ती टळण्यासारखी नव्हती. परंतु २ लाख किलोमीटर होण्याआधी, म्हणजे एक वर्ष आधी मे महिन्यात ती विकली असती, तर दुरुस्ती आणि भाडे हे दोन्ही वाचले असते. जास्त चालणाऱ्या माणसाला गाडी बदलण्याचा दिवस स्वतः निवडता येतो, तो बिघाडाला निवडू देऊ नये.

दुसरी गोष्ट, पत्नीला या चर्चेत उशिरा सामील करून घेतले गेले. पहिल्या दोन बैठकांत त्यांची गाडी आम्ही राखीव म्हणून धरली होती, आणि त्यांना ते नंतर कळले. ‘माझी गाडी तुमच्या हिशोबात बसवण्याआधी मला विचारायला हवे होते,’ असे त्या स्पष्ट म्हणाल्या. त्यांच्याशी आधी बोलणे झाले असते, तर २०१४ची गाडी हमरस्त्यासाठी कमी पडेल हे सांगलीच्या अपघाताआधीच समोर आले असते, कारण रात्री तिच्या दिव्यांत दिसत नाही ही त्यांची जुनीच तक्रार होती.

तिसरा मुद्दा खुला आहे. शहरासाठी विजेवरील गाडी आणि वर्षातून दहा-बारा दिवस भाड्याची गाडी, हा हिशोब आम्ही पुरेसा तपासला नाही. जानेवारी २०२४चा अनुभव ताजा असल्यामुळे राखीव गाडीच्या अटीला आम्ही जास्त वजन दिले, अशी शंका मला आहे. ज्यांचे काम ठरलेल्या शहरांत आणि हमरस्त्यालगत आहे, त्यांच्यासाठी उत्तर वेगळे निघू शकते.

मुख्य गाडी याच गतीने मे २०२८मध्ये २ लाख किलोमीटरच्या थोडी पुढे जाईल. ती त्या मे महिन्यात बदलायची, किंवा त्याआधी एखादी दुरुस्ती तिच्या चालू किमतीच्या चौथ्या हिश्शाहून मोठी निघाली तर तेव्हा, असे त्यांनी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहे. त्यासाठी चाललेल्या दर किलोमीटरमागे ४ रुपये महिनाअखेर वेगळ्या खात्यात टाकले जातात. वर्षाला ते १ लाख ७२ हजारांच्या घरात जातात, म्हणजे जवळजवळ घसाऱ्याइतकेच. तोवर मनासारखी मॅन्युअल डिझेल सेडान जुन्या बाजारातही मिळेल की नाही, याची त्यांना आतापासून चिंता आहे, आणि म्हणून कमी चाललेल्या २०२२-२३च्या गाड्यांवर ते आत्ताच लक्ष ठेवून आहेत.